डबा रिकामा करण्याची विद्या

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, बंद असते. बंदीच्या तारखा सरकारने ठरवल्या त्या अलीकडे. कोकणातल्या घरांना मात्र हे दिवस पिढ्यान्‌पिढ्या मोजून ठाऊक होते. दर्या खवळलेला, ओढ्यांना पूर, बाजाराची वाट तुटलेली आणि हवा अशी दमट, की दोरीवरचं धोतर दोन दिवस ओलंच राहावं. म्हणून मे महिन्यातच आगोटीची बेगमी व्हायची. सुके बोंबील, सोडे, जवळा, खारवलेला बांगडा. आमसुलं, चिंचेचे गोळे, खारातल्या कैऱ्या. पापड, फेण्या, सांडगी मिरच्या. माती किंवा राख लावून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. कणगीत तांदूळ आणि डब्यांत कडवे वाल. गोव्यात याच तयारीला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून आलेला, म्हणजे तरतूद. पावसाच्या तोंडावर मडगावला भरणाऱ्या पुरुमेंताच्या फेस्तात आजही सुकी मासळी, सोलां आणि मिरच्यांचे ढीग लागतात.

या बेगमीचं कौतुक पुष्कळ होतं. उन्हाळा आला की गच्चीवरच्या कुरडयांचे फोटो निघतात, आजीच्या हातच्या पापडांच्या आठवणी निघतात. पण कौतुक सगळं भरण्याचं होतं. तो साठा संपायचा कसा, याकडे फारसं कोणी पाहत नाही. आणि त्या व्यवस्थेतली खरी हुशारी तिथेच होती. घरात खाणारी तोंडं किती आणि पावसाचे दिवस किती, यावरून माप ठरे. जिन्नस वाळत घालतानाच तो कशात पडणार हे ठरलेलं असे. सोडे वांग्यात नाही तर खिचडीत, जवळा कांद्यावर परतून चटणीत, आठळ्या भाजीत, आमसूल सारात आणि माशाच्या कालवणात, खारातली कैरी भाजीच्या टंचाईत पानाच्या डाव्या बाजूला. शेवटही ठरलेला होता. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात गेल्या की सुक्या बोंबलाची किंमत उतरे. पुढच्या चैत्रात झाडाला कैरी लागे तेव्हा लोणच्याच्या बरणीचा तळ दिसायलाच हवा, कारण बरणी तीच असे. साठवण म्हणजे दोन सुगींमधला पूल होता आणि त्याचं दुसरं टोक बांधतानाच डोळ्यांसमोर असे. आजच्या घरातली सर्वांत मोठी साठवण फ्रीझरमध्ये असते आणि तिला हे दुसरं टोक नाही. फ्रीझरमधलं अन्न वाया जातं ते मुख्यतः यामुळे. गृहिणीच्या आळसामुळे किंवा नव्या पिढीच्या बेफिकिरीमुळे नव्हे, असं माझं म्हणणं आहे.

हे पटण्यासाठी टिकवण्याच्या वेगवेगळ्या रीती आतून काय करतात ते पाहावं लागेल. अन्न नासवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला पाणी लागतं, आणि तेही मोकळं, त्यांना शोषून घेता येईल असं. शास्त्रज्ञ या मोकळ्या पाण्याचं माप शून्य ते एक या पट्टीवर करतात. शुद्ध पाण्याचं माप १. ते ०.९१च्या खाली आलं की बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, ०.८०च्या खाली बहुतेक बुरश्या थांबतात आणि ०.६०च्या खाली काहीच वाढत नाही. पापड उन्हात वाळवून, बांगडा मिठात दाबून किंवा मोरांबा साखरेत शिजवून आपण एकच गोष्ट करतो: पाणी उडवून तरी लावतो किंवा मिठासाखरेशी जखडून तरी टाकतो. लोणच्यात मिठाच्या जोडीला कैरीचा आंबटपणा असतो आणि वरचा तेलाचा थर हवा अडवतो. या साऱ्या रीतींना एक मर्यादा आहे आणि साठा संपवण्याच्या दृष्टीने ती मर्यादा फार उपकारक ठरते. त्या बोलतात. श्रावणात पापड सादळले की हाताला कळतं. गूळ हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतो. लोणच्यावर पांढरा पापुद्रा दिसला की बरणी आवरायची वेळ झाली. वाळवणाचा डबा घरच्यांना वेळोवेळी हटकत असतो.

फ्रीझर हटकत नाही. उणे १८ अंश सेल्सियसला जिवाणू मरत नाहीत, निद्रिस्त होतात. वाढ मात्र पूर्ण थांबते. त्यामुळे अखंड गोठलेला पदार्थ वर्षभरानेही सहसा विषारी होत नाही. पण बिघाडाच्या दुसऱ्या वाटा उघड्याच राहतात. भाजीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, मंद गतीने काम करत राहतात आणि मटाराचा रंग आणि गोडी खातात. मटार गोठवण्याआधी दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात आणि लगेच गार पाण्यात टाकतात ते ही विकरं निकामी करण्यासाठी. नारळाच्या चवातली आणि मासळीतली चरबी हवेशी संयोग पावून खवट होत जाते. सैल बांधलेल्या पिशवीत बर्फाची थेट वाफ होते आणि पदार्थाच्या कडा कोरड्या, पांढरट, चामड्यासारख्या होतात. शिवाय घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो. सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकनाने १९२०च्या दशकात झटपट गोठवण्याचं यंत्र बनवलं, त्यामागे लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठलेली मासळी पाहून आलेली हीच जाणीव होती. १९३० साली स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याचे गोठवलेले पदार्थ विकायला आले. घरच्या कप्प्यात काकडी गोठवली तर बाहेर काढल्यावर चिंधी होते ती याच कारणाने. आमरसाचं मात्र काही बिघडत नाही, कारण त्यातल्या पेशी आपण आधीच मोडलेल्या असतात. मुद्दा असा, की फ्रीझरमधला डबा नासत नाही, तो रोज थोडा थोडा कमी चांगला होतो. आज संपवलाच पाहिजे असा दिवस त्याच्या वाट्याला कधीच येत नाही, आणि ज्याला आज संपवायची निकड नाही ते उद्यावर जातं.

दुसरा फरक आत काय जातं याचा. बेगमी टंचाईसाठी होती. फ्रीझरमध्ये वस्तू जाते ती बहुधा विपुलतेमुळे: जानेवारीत मटार स्वस्त झाले, समारंभाची भाजी उरली, नारळ एकदम चार फोडले. त्यामागे कोणती पोकळी भरायची आहे हे ठरलेलं नसतं. मटार स्वस्त म्हणून पाच किलो शेंगा आणल्या, सोलून निम्म्याच्या आत दाणे हाती आले, ते गोठवले, आणि पुढच्या जानेवारीत नवे मटार आले तेव्हा मागचे दोन डबे मागेच होते, तर ती बचत कुठे गेली? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. भारतातल्या घरांसाठीचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. या आकड्यांत साली, देठ, हाडं अशा न खाल्ल्या जाणाऱ्या भागांचाही समावेश आहे, तेव्हा त्यांवरून आपल्या घरांना लगेच दोषी ठरवू नये. फ्रीझरचा वाटा तर त्यात वेगळा काढलेलाच नाही. पण साठवण्याची साधनं वाढली म्हणून नासाडी आपोआप घटते, हा समज तरी त्यांच्यासमोर टिकत नाही.

मग शेवट परत आणायचा कसा? पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक जिन्नसाचं वय सारखं मोजू नये. तांदूळ जुना झाला की सुधारतो. साठवणीत त्याच्या दाण्यातलं पिष्ट आणि प्रथिनं बदलतात, तो जास्त पाणी घेतो आणि भात मोकळा होतो. नवा तांदूळ चिकट, म्हणून पेजेला, खिमटाला आणि उकडीच्या मोदकांच्या पिठीला तोच बरा. म्हणजे नव्या आणि जुन्या तांदळाला घरात वेगवेगळी कामं आहेत. घाई करायची ती नव्याची. कडधान्याचं नेमकं उलट. उष्ण, दमट हवेत वर्षभर राहिलेला राजमा किंवा वाल कितीही भिजवला तरी शिजून मऊ होत नाही, कारण दाण्यातलं पेक्टिन कॅल्शियम-मॅग्नेशियमशी घट्ट बांधलं जातं. (भिजतच नाही तो गणंग दाणा निराळा, त्याचं सालच पाणी आत घेत नाही.) अशा कडधान्यावर गॅस जाळत बसण्यापेक्षा भाजणीची वाट सोपी. भाजून दळलं की दाणा शिजण्याचा प्रश्नच उरत नाही. थालिपिठाच्या भाजणीत तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा डाळ, उडीद, धणे असं सगळं पडतं आणि घरोघरी तिचं प्रमाण वेगळं असतं, ते उगीच नव्हे. डब्यांच्या तळाशी राहिलेलं मूठ मूठ धान्य नवी भरणी व्हायच्या आत मोकळं करण्याची ती एक युक्तीच म्हणता येईल. अट एवढीच, की दाणा फक्त जुना असावा. बुरसलेला किंवा कीड लागलेला नसावा.

भाजणीवरून मुख्य मुद्द्यावर येता येतं. रोजच्या मराठी स्वयंपाकातले बरेच पदार्थ उघड्या दाराचे आहेत. आमटीला डाळ आणि आंबट लागतं. त्यात शेवग्याची शेंग पडली, भोपळ्याची फोड पडली, मूठभर गोठवलेले पावट्याचे दाणे पडले, तरी तिचं नाव आमटीच राहतं. थालिपीठ कांदा घेतं, कोथिंबीर घेतं, कालची पालेभाजी घेतं, किसलेला दुधी घेतं आणि लोणचं संपलेल्या बरणीतला खारही घेतं. वरण उरलं की त्यात कणकेचे तुकडे सोडून वरणफळं, पोळ्या उरल्या की फोडणीचा कुस्करा. भाजी नसेल त्या दिवशी खानदेशात, मराठवाड्यात कुरडई भिजवून कांद्यावर परततात, पापडाची भाजी करतात, डाळीच्या सांडग्यांची आमटी करतात. या पदार्थांना ठरीव यादी नसते. व्हिडिओ पाहून केलेल्या पदार्थाला असते. त्यासाठी बारा जिन्नस नेमके आणावे लागतात, आणलेल्यापैकी सहा अर्धे उरतात आणि त्या अर्ध्यांचं पुढे काय करायचं ते व्हिडिओ सांगत नाही. हौसेला विरोध नाही. पण आठवड्यातले सातही दिवस स्वयंपाक यादीवरून होऊ लागला तर साठा संपण्याची जागाच उरत नाही. ‘आज काय करू’ हा प्रश्न उघडलेल्या फ्रीझरसमोर उभं राहून विचारला, तर निम्मं उत्तर समोरच असतं.

परसातल्या आणि गच्चीतल्या उत्पन्नाचा प्रश्न थोडा निराळा आहे. तिथे माल एकदम येतो. शेवगा फळला की आठवडाभर शेंगाच शेंगा, केळ विऊन घड तयार झाला की सगळी केळी एका हप्त्यात पिकायला लागतात, पावसात आळूची पानं सुपाएवढी होतात. इथे पहिला उपाय फ्रीझर नव्हे, झाड आहे. भोपळ्याच्या वेलाची कोवळी पानं आणि फुलं खाता येतात, कोवळं फळ भाजीला येतं आणि पक्कं झालेलं फळ कोरड्या जागी काही महिने तसंच राहतं, घारग्यांसाठी थांबून. शेवग्याचा पाला आणि फुलं यांची भाजी होते. फुलं थोडी काढली की पुढे शेंगाही आवरण्याइतक्या येतात. केळीचं केळफूल भाजीला, कच्ची केळी काचऱ्यांना, पिकलेली शिकरणीत, फार पिकलेली पिठात कालवून गोड अप्प्यांत. टप्प्याटप्प्याने तोडलं की साठवायला उरतं फार थोडं. जे उरतं ते अर्धं शिजवून ठेवावं. आळूवडीचे उंडे हे त्याचं जुनं आणि चोख उदाहरण: बेसन आणि चिंच लावून, गुंडाळून, उकडून ठेवायचे आणि लागतील तसे कापून तळायचे. चिंच इथे केवळ चवीला नसते, आळूतल्या खाजऱ्या ऑक्झलेटचा त्रास आंबटाने कमी होतो अशी सर्वत्र समजूत आहे. उंडा फ्रीझरमध्ये ठेवला तरी काय करायचं हे त्याला पाहताच कळतं, कारण तो जवळजवळ पदार्थच झालेला असतो. चिरून गोठवलेल्या पानांच्या पिशवीचं तसं नाही. ती काढली तरी पुढचं सारं काम बाकीच असतं.

यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला श्रमाचा. आगोटीची बेगमी ज्या हातांनी झाली ते जवळजवळ सगळे बायकांचे होते. मेच्या उन्हात चीक घाटण्यात आणि पापड लाटण्यात त्यांची कंबर मोडे, आणि साठा पुरवून वापरण्याची चिंताही त्यांचीच असे. शेवटचा तुकडा कोणाच्या पानात पडणार नाही, हेही त्यात धरलेलं. त्या व्यवस्थेकडे परत चला असं म्हणणारा माणूस बहुधा स्वतः लाटायला बसणारा नसतो. फ्रीझरने हे ओझं खरोखर उतरवलं आणि ते उतरलं हे उत्तमच झालं. इथे मागणी वाळवणाची नाही, त्यामागच्या हिशोबाची आहे. आणि तो हिशोब घरातल्या एकाच डोक्यात राहिला तर फ्रीझरही नवं वाळवणच ठरेल. झाकणावर लिहिलेलं असेल तर डबा कोणीही काढू शकतो. न लिहिलेला डबा फक्त ठेवणारीलाच ओळखता येतो.

दुसरा आक्षेप ताजेपणाचा: गोठवलेलं आणि शिळं कशाला खावं, ताजं तेच चांगलं. मंडईतली भाजी किती दिवसांची हे कोणी विचारत नाही म्हणून ती ताजी ठरते. तोडल्यावर भाजीतलं क जीवनसत्त्व घटायला लागतं, आणि हंगामात तोडल्याबरोबर उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेला मटार या बाबतीत चार दिवस गाडीत आणि टोपलीत काढलेल्या मटारापेक्षा कमी ठरत नाही. शिवाय ज्या समाजाने श्रावणात शिळा सप्तमी पाळून एक दिवस चूल बंद ठेवली, त्याला शिळ्याचा सरसकट विटाळ कधीच नव्हता. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मराठी घरांत तर खोवलेलं खोबरं आणि शेवग्याच्या शेंगा गोठवलेल्याच मिळतात आणि त्यांची आमटी खाऊन मुलं वाढतात.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो पूर्ण मान्य करायला हवा. संपवण्याच्या हट्टापायी बिघडलेलं पोटात ढकलणं ही काटकसर नव्हे. कुबट, कडू शेंगदाणे निवडून किंवा भाजून वापरू नयेत. बुरशीने तयार केलेलं ॲफ्लाटॉक्सिन घरच्या भाजण्याने नाहीसं होत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताची फोडणी करण्यातही धोका आहे: बॅसिलस सिरियस हा जिवाणू त्यात वाढून जे विष सोडतो ते पुन्हा गरम केल्याने मोडत नाही. भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला असेल तर फोडणीचा भात खुशाल करावा. कच्च्या लसणाची तेलातली पेस्ट फ्रिजबाहेर ठेवू नये; हवा नसलेल्या तेलात बोट्युलिझमचा जिवाणू वाढू शकतो. वितळवायचं ते ओट्यावर नाही, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. वीज गेली तर दार न उघडता भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. त्यानंतर वितळून कोमट झालेली मासळी टाकून द्यावी, हळहळू नये. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत पोचतोच असं नाही. तसा कप्पा असेल तर महिन्यांऐवजी आठवड्यांचा हिशोब धरावा.

हे सगळं धरून पाहिलं तर करायचं फारच थोडं उरतं. एका वेळी लागेल तेवढाच वाटा गोठवावा, कारण किलोभर खोबऱ्याच्या गोळ्यातून वाटीभर खोबरं काढायला कोणी हातोडी घेऊन बसत नाही. बांधणी चपटी आणि घट्ट असावी. नवा डबा मागे आणि जुना पुढे. प्रत्येक जिन्नसाला त्याचा हंगामच मुदत म्हणून द्यावा: मटार होळीनंतरच्या भाजीटंचाईत काढून श्रावणापर्यंत आटोपावेत, खोबरं महिना-दोन महिन्यांत, आणि आमरस काही झालं तरी पुढच्या अक्षय्य तृतीयेआधी. या मे महिन्यात रसाचे डबे फ्रीझरमध्ये सारताना झाकणावर तारीख लिहालच, तिच्याशेजारी तो कशासाठी ठेवला हेही लिहा: ‘गणपती, आम्रखंड’ किंवा ‘दिवाळी, आंबावडी’. एखाद्या डब्यावर काय लिहावं हे सुचलं नाही, तर तो गोठवू नका. त्याच दुपारी पोळीबरोबर वाढून टाका.